प्रवेशिकेतले दोन रकाने बदला: लॅटिन नृत्यस्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील लॅटिन-बॉलरूम नृत्यस्पर्धांचे आयोजक, परीक्षक आणि प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामाच्या प्रवेशिका छापून होण्याआधी हे पत्र तुमच्या वाचनात यावं, एवढ्यासाठी आत्ता लिहिते आहे. जोडीच्या प्रवेशिकेत ‘पुरुष स्पर्धक’ आणि ‘स्त्री स्पर्धक’ असे दोन रकाने असतात. ते काढून ‘लीडर’, म्हणजे नाच चालवणारा, आणि ‘फॉलोअर’, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर नाचणारा, असे करा. कोणत्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं ते नाचणाऱ्यांना ठरवू द्या. आणि नाचता नाचता त्यांनी लीड एकमेकांकडे सोपवली, तर तेवढ्यासाठी त्यांचे गुण कापू नका. माझं मागणं एवढंच आहे. बाकी पत्र त्यामागची कारणं सांगण्यासाठी.

मी पुण्यात लॅटिन शिकवते आणि रुटीन, म्हणजे स्पर्धेसाठीचे नाच, बसवते. तुमच्यापैकी अनेकांशी माझी वर्षानुवर्षांची ओळख आहे, काहींकडे मी स्वतः शिकले आहे. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी नाचाबद्दल बोलू. हा विषय निघाला की संस्कृती, समाज, पालक असं सगळं बोललं जातं आणि नाच तेवढा राहून जातो.

रुम्बा या लॅटिन नृत्याचा बेसिक, म्हणजे मूळ पावलं, घ्या. काउंट दोन, तीन, चार-एक. पहिल्या बारमध्ये, म्हणजे तालाच्या चार ठोक्यांत, लीडरचा डावा पाय पुढे जातो आणि फॉलोअरचा उजवा मागे. दुसऱ्या बारमध्ये लीडरचा उजवा पाय मागे जातो आणि फॉलोअरचा डावा पुढे. म्हणजे लीडरने पहिल्या बारमध्ये जे केलं तेच फॉलोअर दुसऱ्या बारमध्ये करतो. दोघांची पावलं एकच आहेत, फक्त एका बारच्या अंतराने. चा-चा-चाच्या बेसिकमध्येही हेच. त्यामुळे बार संपताना लीड एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर पाय बदलावा लागत नाही, बीट सोडावा लागत नाही, कुणाला थांबावंही लागत नाही. तंत्राच्या पुस्तकांत ‘मॅन’ आणि ‘लेडी’ असे दोन वेगळे तक्ते असतात. ते शेजारी ठेवून वाचले तर कितीतरी फिगर्समध्ये, म्हणजे ठरलेल्या पदरचनांमध्ये, हीच अदलाबदल सापडते. आपण सगळ्यांनी हे तक्ते पाठ केले आहेत. शिवाय वर्गात शिकवताना आपण दोन्ही बाजू करतोच. स्त्री प्रशिक्षकाला लीड करता आली नाही तर ती मुलींना शिकवणार कशी, आणि पुरुष प्रशिक्षकाला फॉलो करता आलं नाही तर मुलाच्या लीडमध्ये काय खटकतंय ते त्याला कळणार कसं? शिक्षकाकडून जे कौशल्य आपण गृहीत धरतो, तेच स्पर्धकाने दाखवलं की ते नियमबाह्य ठरतं.

न्यूयॉर्क ही फिगरही पाहा. दोघं एकाच दिशेला उघडतात, पावलं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, एक हात सुटतो आणि दुसरा धरला जातो. त्या क्षणी लीड कुणाच्याच हातात नसते. पुढचा हात जो वर नेईल, पुढची फिगर त्याची. मी लीडबदल बसवते तेव्हा बहुतेक वेळा ही जागा निवडते. नीट जमलं तर ते प्रेक्षकांना दिसतसुद्धा नाही, परीक्षकाला मात्र दिसायला हवं, कारण त्या एका हातबदलात फ्रेम (हात-खांद्यांची बांधणी), टायमिंग आणि ऐकण्याची क्षमता या तिन्हींची परीक्षा होते.

माझ्या वर्गातल्या दोन मुलींचं उदाहरण देते. एक चांगली उंच, दुसरी तिच्या खांद्याएवढी. दोघी बारावीत होत्या, शाळेपासून एकत्र नाचायच्या. बुटकीची लीड उत्तम होती, स्वच्छ आणि वेळेवर. ‘फॅन’ या फिगरमधून ‘हॉकी स्टिक’ या फिगरमध्ये जाताना उंच मुलीला कधी शंका पडायची नाही की आता कुठे जायचंय. अडचण यायची ‘अलेमाना’ या फिगरला. अलेमानात पहिला बार संपताना लीडरचा हात वर जातो आणि पुढच्या बारमध्ये फॉलोअर त्याखालून उजवीकडे वळतो. बुटकीचा हात उंच मुलीच्या डोक्यापर्यंत पुरायचा नाही, मग उंच मुलगी मान खाली घालून वळायची आणि तिच्या पाठीची सगळी रेषा मोडायची. आम्ही बरेच उपाय करून पाहिले. शेवटी त्या दोघींनीच उत्तर काढलं: अलेमानाची लीड उंच मुलीने घ्यायची, वळून झालं की परत द्यायची. पुढच्या सरावाला ते रुटीन असं काही उमललं की बाकीचा वर्ग सराव थांबवून बघत उभा राहिला. लिंगाबद्दल काही सिद्ध करावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. उंचीची अडचण होती आणि त्यांनी ती नाचातून सोडवली.

त्यांची प्रवेशिका परत आली. एकीला मुलगा पार्टनर शोधा, नाहीतर दोघींनी सोलोत उतरा, असा निरोप फोनवर मिळाला. कोणती स्पर्धा ते इथे महत्त्वाचं नाही, बहुतेक ठिकाणी हेच झालं असतं. मुलगा पार्टनर शोधा म्हणणं सोपं आहे. आपल्या वर्गांत मुलींच्या मानाने मुलगे किती असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. एक मुलगा आला की त्याच्यासाठी रांग लागते, पालक फी वाढवून द्यायला तयार होतात, तो सोडून गेला की मुलीचं वर्ष वाया जातं. आणि सोलो हे जोडीच्या नाचाचं उत्तर नव्हे. लॅटिनमधली माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे दुसऱ्या शरीराचं वजन आपल्या तळहातातून वाचणं. सोलोत ती गोष्टच नाही. उंच मुलगी पुढे सोलो करत राहिली. जिची लीड एवढी चांगली होती, तिने नाच सोडला.

आता परीक्षणाकडे येते. वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशनच्या गुणपद्धतीत चार घटक असतात: तांत्रिक दर्जा, संगीताशी हालचालीचा मेळ, जोडीदारी कौशल्य, आणि कोरिओग्राफी व सादरीकरण. यातला कोणता घटक तपासताना परीक्षकाला जोडीतल्या दोघांचं लिंग माहीत असण्याची गरज पडते? मी स्वतः छोट्या स्पर्धांचं परीक्षण केलं आहे. फ्लोअरवर सहा जोड्या आणि गाणं दीड-दोन मिनिटांचं असताना डोळे पायांवर, कंबरेवर, हातांच्या जोडावर असतात. जोडीदारी कौशल्य हा जर घटकच असेल, तर दोन्ही भूमिका पेलणाऱ्या जोडीने त्यात जास्त दाखवलेलं असतं, कमी नाही.

ताकदीचा मुद्दा नेहमी निघतो. पुरुष उचलू शकतो, तोल सांभाळू शकतो वगैरे. पण स्पर्धेतल्या पाच लॅटिन नृत्यांत लिफ्टला परवानगीच नाही. सांबा, चा-चा-चा, रुम्बा, पासो डोब्ले, जाइव्ह, पाचही नृत्यांत दोघांनी आपापल्या पायांवर राहायचं असतं. लीड म्हणजे ओढणं-ढकलणं नव्हे, हे आपण पहिल्याच आठवड्यात शिकवतो. जो मुलगा दंडाच्या जोरावर लीड करतो त्याला आपणच ओरडतो.

पासो डोब्लेबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे भूमिका खरोखरच कथेत गुंफलेल्या आहेत. पुरुष मॅटाडोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा, आणि बाई बहुतेक वेळ त्याच्या हातातलं कापड, म्हणजे केप. बऱ्याच फिगर्सची नावं स्पॅनिश नसून फ्रेंच आहेत, सुर प्लास, अपेल, कारण स्पर्धेतलं पासो घडलं ते फ्रान्समध्ये. एका माणसाने आयुष्यभर कापडच व्हावं असं त्या कथेतही कुठे लिहिलेलं नाही. गेली कित्येक वर्षं बड्या स्पर्धांतल्या स्त्रिया पासोत कधी बैल होतात, कधी फ्लामेंको नर्तकी, कधी दुसरी मॅटाडोर, आणि परीक्षक त्याला दाद देतात. कथेचा अर्थ तुम्ही बदलू दिलात. मग ती कथा सांगणाऱ्या दोघी बायका असल्या तर काय बिघडतं?

परंपरेचं म्हणाल तर ज्याला आपण रुम्बाची परंपरा म्हणतो ती आपल्या आजी-आजोबांच्या वयाची आहे. लंडनमध्ये शिकवणारा पिएर नावाचा फ्रेंच नर्तक 1947 मध्ये हवानाला गेला. इंग्लंडमध्ये शिकवला जाणारा चौकोनी बेसिकचा रुम्बा क्यूबात नाचला जात नाही हे त्याने पाहिलं, आणि आपली नृत्यजोडीदार डॉरिस लाव्हेल हिच्याबरोबर त्याने क्यूबन पद्धत लंडनमध्ये रुजवली. यावरून तिथल्या शिक्षकांत कित्येक वर्षं कडाक्याचं भांडण चाललं. अखेर समित्या बसल्या, नियम बदलले आणि आज आपण शिकवतो तो रुम्बा मान्य झाला. तोही मूळ क्यूबाच्या लोकरुम्ब्यापासून दूरचाच. तिथल्या लोकरुम्ब्याचा कोलुंबिया हा प्रकार तर परंपरेने एकट्या पुरुषाचा नाच आहे. सांगायचं एवढंच की आपला नाच नियम बदलत बदलतच इथवर आला, आणि ते नियम माणसांनीच बसून बदलले.

ते आताही बदलत आहेत. ब्रिटिश डान्स कौन्सिलपुढे 2014 मध्ये उलट्या दिशेचा प्रस्ताव आला होता: जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असं नियमात स्पष्ट लिहावं. त्यावर ब्रिटनमध्ये मोठा वाद उठला, 2010 च्या समानता कायद्यापर्यंत चर्चा गेली. अमेरिकेच्या नॅशनल डान्स कौन्सिलने 2019 मध्ये जोडीची व्याख्या बदलून एक लीडर आणि एक फॉलोअर अशी केली, दोघांचं लिंग कोणतंही असो. अमेरिकेतल्या स्पर्धा त्यानंतर बंद पडल्या नाहीत. स्त्री-पुरुष जोड्या आजही तिथे बहुसंख्य आहेत, आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्याही जोड्या नाचतात.

कॅनडाचे नृत्यदिग्दर्शक ट्रेव्हर कॉप आणि जेफ फॉक्स यांचं काम तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आवर्जून पाहावं. दोघेही बॉलरूमचे कसलेले नर्तक. समलिंगी लग्नातल्या पहिल्या नृत्यावर त्यांना नाट्यप्रयोग करायचा होता. नुसत्या भूमिका उलटून चालत नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. एकाने कायम चालवायचं आणि दुसऱ्याने कायम मागे यायचं, ही मांडणी मग तशीच राहते. म्हणून त्यांनी नाच चालू असताना लीड वाहती ठेवण्याचं तंत्र घडवलं आणि त्याला ‘लिक्विड लीड’ म्हटलं. 2015 मध्ये माँट्रिऑलच्या टेडएक्स मंचावर त्यांनी ते नाचून दाखवलं. मला त्यांच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तंत्र त्यांनी जराही सैल केलेलं नाही. फ्रेम तीच, वजनाची अदलाबदल तशीच नेमकी. उलट फॉलोअरलाही पुढच्या फिगरचा विचार करावा लागत असल्यामुळे दोघांचंही लक्ष दुप्पट लागतं. मी माझ्या वर्गात ही पद्धत शिकवायला लागले तेव्हा सगळ्यात जास्त सुधारले ते मुलगे. फॉलो करायला लागल्यावर आपली लीड समोरच्याला कशी जाणवते हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

युरोपात आणि अमेरिकेत समलिंगी जोड्यांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात, त्यांत लीडबदल सर्रास चालतो आणि परीक्षक त्याचं परीक्षण व्यवस्थित करतात. टीव्हीवर तर हे घरोघरी पोचलं आहे. डेन्मार्कच्या सेलिब्रिटी नृत्यस्पर्धेत 2019 मध्ये याकोब फाउरबी आणि सिलास होल्स्ट ही दोन पुरुषांची जोडी जिंकली. ब्रिटनच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’मध्ये 2020 साली ऑलिंपिक सुवर्णविजेती मुष्टियोद्धा निकोला अ‍ॅडम्स व्यावसायिक नर्तकी कात्या जोन्सबरोबर नाचली, आणि पुढच्या वर्षी जॉन व्हेट आणि योहानेस रादेबे ही दोन पुरुषांची जोडी अंतिम फेरीपर्यंत गेली. तिथे मतं देणारे सामान्य प्रेक्षक होते. त्यांना हा नाच समजायला अडचण आली नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती येईल असं मला वाटत नाही. बालगंधर्वांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत, तो हा प्रदेश आहे. त्या काळी बायकांना रंगमंच बंद होता म्हणून पुरुष स्त्रीभूमिका करत, हे मी विसरत नाही. त्यात अन्यायही होता. पण प्रेक्षकाची नजर कलाकाराचं लिंग ओलांडून भूमिकेपर्यंत पोचू शकते, हे आपल्या रंगभूमीने सिद्ध केलं. फक्त बायकांच्या नाटक मंडळ्याही आपल्याकडे होत्या आणि त्यांत राजे, सरदार, प्रियकर सगळे बायकाच होत. आणि मंगळागौरीची फुगडी आठवा. हात धरून, पाय जवळ, पाठ मागे सोडून दोघी गिरकी घेतात तेव्हा कोण कुणाला फिरवतं? एकीने वजन आवरलं तर दोघीही पडतील. वारीत पुरुषही अशीच फुगडी घालतात. समोरच्याच्या वजनावर विश्वास टाकून नाचणं आपल्याला नवीन नाही, आणि ते कधी स्त्री-पुरुषाच्या जोडीपुरतं नव्हतं.

एक आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो चांगली माणसं घेतात. रुम्बा हा प्रेमाचा नाच आहे, दोन मुलांनी किंवा दोन मुलींनी तो नाचला की पालक अस्वस्थ होतील, वर्ग सोडतील. माझं उत्तर असं. आपल्या स्पर्धांत सख्खे भाऊ-बहीण जोडीने रुम्बा नाचतात, जगभर नाचतात. तिथे कुणी अस्वस्थ होत नाही, कारण तो अभिनय आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच समजूतदारपणा दोन मैत्रिणींना किंवा दोन मित्रांना मिळावा.

आणि ज्यांच्यासाठी तो नुसता अभिनय नाही, त्यांच्याबद्दलही मला स्पष्ट बोलायचं आहे. माझ्या वर्गात समलिंगी मुलं-मुली आहेत. तुमच्याही वर्गात आहेत, त्यांनी तुम्हाला सांगितलं असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला, आणि 2018 मध्ये प्रौढांचे सहमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ अशा दोन रकान्यांची प्रवेशिका हातात आली की तृतीयपंथी नर्तकाला पहिल्याच ओळीत थांबावं लागतं. नाचायला आलेल्या माणसाला आधी आपल्या शरीराचा खुलासा द्यायला लावणं अपमानकारक आहे. आयोजकांना अपमान करायचा नसतो हे मी जाणते, पण तो होतो, आणि ज्याचा होतो तो परत येत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनी आमचे हात बांधलेले आहेत, असं तुमच्यापैकी काहीजण म्हणतील. ज्या स्पर्धेतून पुढे देशाबाहेरच्या निवडी होतात तिथे ही अडचण खरी आहे, आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून लेखी मागणी वर पाठवली पाहिजे. पण आपल्या बहुतेक स्पर्धा तशा नसतात. क्लबांच्या, महाविद्यालयांच्या, निमंत्रितांच्या, शहरपातळीवरच्या स्पर्धांची प्रवेशिका आपणच एका संध्याकाळी बसून लिहितो. ती बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

वेशभूषेचा नियमही त्याच बैठकीत बघून घ्या. कुणाची टाच किती आणि कुणी पँट घालायची की स्कर्ट, हे भूमिकेवरून किंवा लिंगावरून ठरवू नका. शालीनता आणि सुरक्षितता यांचे नियम सगळ्यांना सारखे ठेवा, बाकीचं जोडीवर सोडा. आणि कृपा करून अशा जोड्यांसाठी वेगळा गट काढू नका. चांगल्या हेतूने ही सूचना मला अनेकदा ऐकवली गेली आहे. पण वेगळ्या गटात दोन जोड्या येतील, दोन्ही जोड्यांना पदक मिळेल आणि त्यांच्या नाचाची तुलना कुणाशी होणारच नाही. त्यांना त्याच हीटमध्ये (फेरीत), त्याच गाण्यावर, त्याच परीक्षकांसमोर उभं करा. हरल्या तर हरू द्या.

परीक्षकांची तयारी व्हावी म्हणून मी माझा स्टुडिओ एका रविवारी मोकळा ठेवते. लीडबदल करणाऱ्या जोड्या मी आणेन, त्यांतल्या काही कच्च्या असतील, काही पक्क्या. तुम्ही पेन आणि गुणपत्रिका घेऊन या, हीट लावू, गुण द्या, मग कुणी कशाला किती दिले यावर बसून बोलू. कुठे लीड सुटली आणि कुठे ती दिली गेली, यातला फरक तासाभरात दिसायला लागतो. बदललेल्या प्रवेशिकेचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, एका पानाचा आहे. ज्या आयोजकांना हवा असेल त्यांनी कळवावं, त्याच दिवशी पाठवते.

आपली,
लॅटिन नृत्याची एक शिक्षिका आणि नृत्यदिग्दर्शिका, पुणे